शेपटी राहू दे

— नाही नाही, आत नको, इगाराशीबाई, मी इथंच दाराशी बरा. मिओरी वर आहे ना? नका बोलावू. ऐकत असेल तर ऐकू दे. सोमवारपासून तुमची लेक प्रयोगशाळेत पाऊल टाकत नाही, आणि तुम्ही तिच्या सरांनाच विचारताय, झालं काय — सांगतो ना. हे बघा, मागच्या भातखाचरात, खालच्या चिखलात हवा नसते, तरी जंतू जगतात. कसे? खतातल्या नायट्रेटवर श्वास भागवतात. पण त्या वाटेत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो — विषच ते, साठलं तर त्यांचाच जीव जायचा. म्हणून त्यांच्याकडे लाल प्रथिनं असतात, पोटात लोखंड, आपल्या रक्तात असतं तसंच. एक तो वायू धरून ठेवतं, दुसरं त्याची वासलात लावतं. धरून ठेवणारं ते मिओरीचं. जिवापाड जपलंय हो पोरीनं!

आता गंमत — गंमत कसली, कर्म माझं! प्रथिन वेगळं काढायला आम्ही त्याला एक शेपटी जोडतो, धरून ओढायला छोटासा तुकडा. काढून झालं की ती कापायची. नाही कापली तर वळून नेमकी त्या लोखंडावरच जाऊन बसते, मग वायूला जागा कुठली? तेच झालं. सोमवारच्या बैठकीत, क्योतोच्या पाहुण्यांसमोर, तिनं दाखवलं — वायू धरतच नाही. मी तडकलो. म्हटलं, शेपटी कापली नाहीस? डोकं गहाण टाकलंस का? तोंडाला आवरच नाही माझ्या. ती उठली, कमरेत वाकली, म्हणाली, "चूक माझीच आहे, सर." आणि खाली बसली. काय? छे, तिची कसली चूक! तिनं विचारलं होतं ना मला, कापू का म्हणून. मीच म्हणालो, राहू दे, वेळ जातो, काही बिघडत नाही.

झालं. बोलून गेलो. जरा जास्तच रागावलो, एवढंच सांगायला आलो होतो मी. लाज वाटते हो, बाई. आमच्याकडं विद्यार्थी सरांना उलटून बोलत नाही — ते ठाऊक होतं, म्हणून तर गप्प बसलो! आता प्रयोगशाळेतल्या ओकुनोनं शेपटी कापून पाहिली, तर धरतंय की वायू, छान धरतंय. तिला म्हणावं, ये. तिच्याशिवाय पुढचं कुणाला जमणार नाही, मलाही नाही.

येत्या सोमवारच्या बैठकीत? हेच, सगळ्यांसमोर? तसं... सांगता येईल म्हणा. पण विभागप्रमुख असतात, यंदा माझ्या बढतीचं चाललंय, आणि — आधी ती येऊ दे, मग योग्य वेळ बघून मी — अहो, बाई, दिवा का मालवलात? मी अजून इथंच आहे.