दोन वाकडे, दोन सरळ

शिलाई मशीनच्या दुकानात म्हातारा शिंपी आपल्या पाळीची वाट बघत होता. त्याच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या.

“आई, बाबा गेल्यापासून अर्धी गोधडी तशीच पडलीय. मोटरचं मशीन घे.”

“हातमशीनच बरं गं.”

“मग चाक कोण फिरवणार? तुझे दोन्ही हात तर गोधडी सरकवण्यात गुंतलेले.”

“ते फिरवायचे, पण लक्ष सगळं गप्पांत! ‘अहो, कोपरा आला, थांबा’ म्हणून मी ओरडायची, तरी चाक आपलं गरगर चालूच.”

“आजी, ह्याचं तसं नाही,” दुकानदार म्हणाला. “पाय उचलला की थांबतं. कोपरे सरळ येतील.”

“म्हणजे एकाच गोधडीला दोन वाकडे, दोन सरळ?”

“बाई, उसवून देऊ का ते दोन?” शिंप्याला राहवलं नाही.

“हात लावाल तर खबरदार! दोन त्यांचे, दोन माझे. द्या हो, मोटरचंच द्या.”