आधी सगळ्यांनी हात दाखवा

माझं माहेर देवरुखच्या वरच्या अंगाला, डोंगरात. बाप दुसऱ्याच्या जमिनीत राबायचा, आईने आम्हा पाच भावंडांना आंबिलीवर वाढवलं, शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, पण व्यवहार मला कुणी शिकवावा लागला नाही. लग्न होऊन संगमेश्वराजवळ आले. नवरा मुंबईला गिरणीत, वर्षातून दोनदा यायचा, शिमग्याला आणि गणपतीला. घरात सासू, थोरले दीर, जाऊबाई, त्यांचे दोन मुलगे, आणि मी माझ्या कुंदाला घेऊन. रानातले रातांबे फोडून आमसुलं करायची, डोकीवर घेऊन बाजारात न्यायची, हे मी माझं मी सुरू केलं. व्यापाऱ्याने पायली मांडली की मी आधी पायलीचं बूड बघायची. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी म्हणायची. म्हणायची हो. घरात कोण फसवतंय ते कुठे दिसतं.

कुंदा तेव्हा सहा वर्षांची. शिमगा झाल्यावर महिन्याभरात पोरीला खाज सुटली. बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ, मग मनगटावर, पोटावर, काखेत. दिवसा खाजवायची, रात्री तर नखांनी सोलूनच काढायची. पावसाळा लागेपर्यंत त्यात पू झाला. काय सांगू बाई तुम्हाला, सकाळी झगा अंगाला चिकटलेला असायचा, कोमट पाणी ओतून ओतून सोडवायची मी, आणि खपलीबरोबर कातडं निघून यायचं. माश्या नुसत्या घोंघावायच्या. माझीच पोटची पोर, तरी तो वास आला की मला उमासा यायचा, खोटं कशाला बोलू.

सासू म्हणाली, हिचं रक्त तापलंय, तू सुकी मासळी चारलीस. गोमूत्राने धुतलं. कडुलिंबाच्या पाण्याने धुतलं, त्याने जरा थंड वाटायचं, एवढंच. जाऊबाई म्हणाल्या रॉकेल लाव, आणि मी अक्कलशून्य, लावलं. ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. मग त्यांनी पोरीचं ताट पडवीत मांडायला सुरुवात केली. घाणेरडी म्हणायच्या तिला, तोंडावर. आणि बोलता बोलता स्वतः दाराच्या चौकटीला पाठ घासायच्या, म्हशीसारख्या.

शेवटी तिला पाठुंगळीला घेऊन सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टर तरुण होता, तिरसट, पण खरं बोलला. म्हणाला, बाई, ही खरूज आहे, रक्ताची उष्णता नव्हे, कातडीत किडा शिरतो. अंगाला अंग लागून, अंथरुणातनं पसरतो. त्याने पू वाळायला गोळ्या दिल्या आणि एक पांढरं औषध. मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, तीन दिवस, लहान पोरांना पाणी घालून. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाजत नसेल त्यानेही. कपडे, अंथरुण उकळायचं. मी घरी येऊन सांगितलं तर सगळे हसले. सासू म्हणाली, आमच्या घराण्यात कुणाला खरूज नाही. मग मी एकट्या कुंदाला लावलं. पोर बरी झाली, आणि सासूच्या गोधडीत निजून पंधरा दिवसांत परत तशीच. दुसऱ्यांदा लावलं, परत तेच. डॉक्टर माझ्यावर ओरडला, मी काय त्याला सांगू, माझं घरात कोण ऐकतंय.

गणपतीला आठ दिवस होते. नवरा त्या वर्षी लवकर आला. तो हातपाय धुऊन बसला तोच जाऊबाईंनी सगळ्यांसमोर काढलं, यंदा कुंदाने दूर्वांना हात लावायचा नाही, माजघरात यायचं नाही, खरजेचा हात देवाला चालत नाही. मी रागाने पेटले होते, पण बाजारात एक शिकलेय, समोरच्याला त्याचा भाव आधी बोलू द्यावा. मी म्हटलं, ठरलं? ज्याच्या हाताला खरूज त्याने देवाच्या कामाला हात लावायचा नाही, मग तो कुणी का असेना? ठरलं, म्हणाल्या. आये, तुमचं काय? सासू म्हणाली, ठरलं म्हणजे ठरलं. मग म्हटलं, चला बाहेर खळ्यात, उजेडात, आधी सगळ्यांनी हात दाखवा.

कुणी उठेना. मी जाऊबाईंचा हात धरून ओढला आणि बोटं फाकवली. बेचक्या भरलेल्या. पोरांच्याही तशाच. दीर, जे गणपती डोकीवरून आणायचे, त्यांच्या मनगटाला खपल्या. सासूच्या काखेत मी बोट घातलं नाही, तिनेच मान खाली घातली. मी म्हटलं, आता गणपती आणायला आपली गाय पाठवा, तिचे खूर तेवढे स्वच्छ आहेत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन कंपाउंडरशी भांडून घरभर पुरेल एवढं औषध आणलं. सगळ्यांना मी माझ्या हाताने चोपडलं, मग स्वतःला. काय तो उग्र वास, काय ती आग, जाऊबाई अंगणभर नाचत होत्या. सासूची पाठ चोळताना नखांचे ओरखडे बघून मला शिसारी आली, आणि हिनेच माझ्या पोरीला पडवीत बसवू दिलं, म्हणून आणखी आली. भात उकडायच्या हंड्यात मी गोधड्या उकळल्या. सासू ओरडली, वर्षभर त्यात भात कसा उकडायचा? म्हटलं, घासून.

नवऱ्याची बोटं मी शेवटी बघितली. सगळ्यांत जुने डाग त्याचे. तेव्हा हळूच म्हणाला, खोलीवर आम्ही वीसजण निजतो गो, पाळीपाळीने तीच अंथरुणं, दिवाळीपासून सगळेच खाजवतायत. म्हणजे शिमग्याला वळकटीतनं यानेच आणली. पोरीला दूर्वांना हात लावू नको म्हटलं तेव्हा हा समोर बसून चहा पीत होता. एक शब्द बोलला नाही.

गणपतीत कुंदा पंगतीत बसली, दूर्वा तिनेच निवडल्या. खाज पुढे दोन-तीन आठवडे राहिली, डॉक्टर तसं म्हणालाच होता, मग सगळ्यांची गेली. जाऊबाई अजून गावभर सांगतात, त्या पोरीने घराला खरूज लावली.

आता गिरणी बंद, नवरा गावीच असतो, चूल आम्ही वेगळी केली. माणूस वाईट नाही, माझी आमसुलं बाजारात पोचवतो. कुंदा आता सातवीत आहे. मध्ये एकदा जेवताना तिने विचारलं, आये, मला तेव्हा खरूज कशाने झाली होती गो? मी म्हटलं, बापाला विचार. तो ताटात बघत म्हणाला, पावसाने. तिने मान हलवली आणि भात कालवला. मीही गप्प बसले, बाई, घरातच राहायचंय. देव त्याला शंभर वर्षं देवो, त्यातल्या एखाद्या दिवशी तरी तोंड उघडायची बुद्धी देवो.