काळ्या दगडांचे ढीग

(अ‍ॅमस्टेलव्हीन, जानेवारी २०२१. शाळा बंद; पालकांची भेट व्हिडिओवर.)

राजन : पण मॅडम, अवनीने मॉरिशसवर वीस स्लाइड्स केल्या. नकाशा, ज्वालामुखी, डोडो, सगळं आहे. तरी नापास?

शामला : सातवी स्लाइड बघा. उसाच्या शेतात काळ्या दगडांचे ढीग. खाली लिहिलंय, ज्वालामुखीतून पडलेले.

राजन : दगड ज्वालामुखीचेच असतात ना तिथे?

शामला : दगड, हो. ढीग माणसांनी रचलेत, ऊस लावायला जमीन मोकळी करताना. आधी डचांनी मादागास्करहून गुलाम नेले. पुढे इंग्रजांनी रत्नागिरीहून माझे पणजोबा नेले. त्या दगडांखाली त्यांची दोन बोटं गेली. तुला हे ठाऊक आहे, राजन. पुण्याला तुमच्या घरी मीच सांगितलं होतं.

राजन : शामला? तुझा कॅमेरा बंद, आडनावही वेगळं दिसलं, म्हणून...

शामला : तुझं तेच आहे. अवनीच्या नावापुढे वाचलं आणि तिथेच नापास लिहिलं. स्लाइड्स नंतर पाहिल्या.

राजन : तिचं वर्ष जाईल. राग माझ्यावर काढ.

शामला : तू तर तेव्हा नुसता गप्प बसला होतास. मागे सोफ्यावर कोण आहे?

राजन : आई. लॉकडाउन लागल्यापासून इथेच अडकलीये.

शामला : त्यांना पुढे बसव. अवनीलाही बोलाव. ढीग कोणी रचले, ते आजीच सांगतील तिला.

राजन : सत्तरी उलटलीये तिची.

सुनीतीबाई : सरक, राजन. मघापासून ऐकतेय मी. अवनी, इकडे ये.

अवनी : व्हॉट हॅपन्ड, आजी?

सुनीतीबाई : ते दगड माणसांनी उचलले, बाळा. आपल्याच कोकणातल्या. तुझ्या टीचरच्या पणजोबांनीसुद्धा.

अवनी : यू नो हर?

सुनीतीबाई : तुझ्या बाबांशी लग्न ठरलं होतं त्यांचं. मी मोडलं. उसातल्या कुलींची पोर आमच्या घरात नको, असं मीच म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या तोंडावर.

शामला : वडील काय म्हणाले, तेही सांगा.

सुनीतीबाई : त्यांनी चहाचा कप आत नेऊन स्वतः विसळला, पालथा घातला आणि निघाले.

राजन : बास झालं, शामला. आता तरी मार्क दे तिला.

शामला : ते मी आज सकाळीच बदलून दिलेत, ती पास आहे. अवनी, तू लिहून घे. आजींचं अजून संपलेलं नाही.