हॅटवरचा पुठ्ठा

लादिस्लाओ : बंदूक टाका आधी. मग बोलू.

एवारिस्तो : बंदूक कुठली आता, कोंपाद्रे? ती गेली तळ्यात. बूटही गेले. तुम्ही मारायला आलात की बघायला?

लादिस्लाओ : मारायचं असतं तर नावानं हाक मारली असती का? मान खाली घ्या! पलीकडून दिसाल ना!

(सान हासिंतोची लढाई वीस मिनिटांत आटोपली होती. मेक्सिकोची फौज दुपारच्या झोपेत सापडली, टेक्सासवाले जिंकले. पण जिंकून झाल्यावरही तळ्याकाठी गोळ्या काही थांबेनात. लव्हाळ्यात दडलेले हे दोघं एकाच गावचे, सान आंतोनियोचे. लादिस्लाओ टेक्सासवाल्यांकडून लढला, एवारिस्तो सरकारी फौजेतून.)

एवारिस्तो : थांबत का नाहीत हे? आम्ही हात वर केले हो! आमचा बिगुलवाला गुडघ्यावर बसून रडत म्हणत होता, मी आलामोत नव्हतो, मी नव्हतो. त्यालाही घातली गोळी.

लादिस्लाओ : दीड महिन्यापूर्वी आपल्याच गावातल्या आलामोच्या गढीत तुमच्या फौजेनं लढणारा एक माणूस जिवंत ठेवला नाही. त्याचं उट्टं काढतायत. आमचा कप्तान ओरडून ओरडून थकला, ऐकतंय कोण?

एवारिस्तो : मग मला तुमचा कैदी म्हणून न्या.

लादिस्लाओ : आत्ताच आमच्यातल्या एकानं कैदी नेला. हात बांधलेला. पन्नास पावलं गेला नाही तोच गोऱ्यांनी मागून उडवला. वर विचारतात, तुझा कोण लागत होता?

एवारिस्तो : आणि नेणाऱ्याला नाही उडवलं?

लादिस्लाओ : हे बघा. हॅटच्या पट्टीत.

एवारिस्तो : पुठ्ठा?

लादिस्लाओ : सकाळी आम्हाला म्हणाले, तुम्ही मागे राहा, सामान राखा. तुमचे चेहरे आणि त्यांचे चेहरे सारखेच, गर्दीत ओळखणार कोण? आमचा कप्तान असा भडकला! म्हणाला, मुलुख आमच्या बापजाद्यांचा, आणि लढाईच्या दिवशी आम्ही गाठोडी राखायची? तेव्हा कुठे हे पुठ्ठे मिळाले. ज्याच्या हॅटला पुठ्ठा, तो आपला.

एवारिस्तो : आणि ज्याच्या नाही?

लादिस्लाओ : तो म्हणजे तुम्ही.

एवारिस्तो : वा! सात महिने त्यांच्यासाठी रक्त आटवलंत, आणि शेवटी कपाळावर पुठ्ठा बांधून हिंडताय. शाबास!

लादिस्लाओ : टोमणे मारायची वेळ आहे ही? तो सरकारी कोट काढा आधी. चिखलात दाबा.

एवारिस्तो : काढतो. पण एक सांगा. उठाव केलात तेव्हा म्हणत होतात, सरकारनं मोडलेलं आमचं संविधान परत द्या. मनातून मीही तुमच्या बाजूचा होतो. मग मार्चात कानावर आलं, वेगळा देश झाला. माझ्या बापानं या सरहद्दीवर तीस वर्षं पहारा दिला, कोंपाद्रे. मला विचारलं कुणी?

लादिस्लाओ : सरहद्द, सरहद्द! राजधानीत बसलेल्यांना या सरहद्दीची आठवण कधी झाली? कोमांचे टोळ्या घोडे लुटून गेल्या तेव्हा एक शिपाई तरी धाडला? आम्हीच मेलो, आम्हीच पुरले. म्हटलं, मग आमचं आम्हीच बघू. शर्टालाही चिखल फासा.

एवारिस्तो : थांबा. त्याआधी मेलेसियोचं ऐका.

लादिस्लाओ : माझ्या भावाचं नाव आत्ता नको.

एवारिस्तो : आत्ता नाही तर कधी? तो आलामोच्या आत होता हे मला सगळं संपल्यावर कळलं. प्रेतं जाळायचा हुकूम सुटला होता. आम्हा गावच्या शिपायांना लाकडं आणायला पिटाळलं. मी आणली. दोन गाडे.

लादिस्लाओ : काय म्हणालास?

एवारिस्तो : त्याचं प्रेत पुरायला मागितलं मी. मला हाकलून दिलं.

लादिस्लाओ : तू लाकडं आणलीस? तुझ्या लग्नात बोटं सोलून निघेस्तोवर गिटार वाजवली त्यानं, आणि त्याला जाळायला तू लाकडं आणलीस?

एवारिस्तो : म्हणा, मला तू म्हणा. माझ्या पोरीच्या, सोलेदादच्या बाप्तिस्म्यात तुम्ही तिचे धर्मपिता झालात, म्हणून आपण एकमेकांचे कोंपाद्रे, तेव्हापासून तुम्हीच म्हणतोय. आज तुमचा हक्क आहे. त्या गोऱ्यांना हाक मारायची असेल तर तीही मारा. मी पळणार नाही.

लादिस्लाओ : गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस.

एवारिस्तो : नाही बोलत.

लादिस्लाओ : केवढी झाली ती?

एवारिस्तो : चार पुरी होतील. तुमची वाट बघते. लाकडी घोडा देणार होतात म्हणे.

लादिस्लाओ : बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तिला मीच धरलं होतं. पाद्र्यानं विचारलं, बापाला काही झालं तर या पोरीचं कोण बघेल? मी छाती काढून म्हटलं, मी! आज तिच्या बापाला इथे मरू दिलं तर तिला काय तोंड दाखवू? ही घ्या हॅट.

एवारिस्तो : वेड लागलंय का? मग तुमचं काय?

लादिस्लाओ : मला ओळखतात सगळे. सात महिने एका तव्यावरचं खाल्लंय. घाला म्हणतो ना!

प्रूइट : हात वर! कोण तिकडे? बाहेर! दोघं!

लादिस्लाओ : घाबरू नका, ओळखीचा गोरा आहे. ए प्रूइट! मी, लादिस्लाओ! परवा तुझ्या घोड्याला नाल मी ठोकला!

प्रूइट : आज सगळ्या मेक्सिकनांना माझं नाव पाठ. पुठ्ठा कुठे?

लादिस्लाओ : पडला पाण्यात. अरे, चेहरा बघ ना माझा!

प्रूइट : चेहरे सगळे सारखे. गुडघ्यावर बस! तू, हॅटवाला, तू आपला. बाजूला हो.

एवारिस्तो : मी नाही बाजूला होत.

प्रूइट : घोडे तिकडे. जा! मला हा एक आटपू दे.

लादिस्लाओ : जा, एवारिस्तो. पोरीसाठी जा.

एवारिस्तो : प्रूइट, ऐक. खेचरं विकता विकता तुमची बोली शिकलोय, चुकलं तर चुकलं. हा माणूस आपला आहे.

प्रूइट : कशावरून?

एवारिस्तो : याचा भाऊ आलामोत मेला. भिंतीच्या आत, तुमच्या माणसांच्या शेजारी. तुझं कोण होतं आत?

प्रूइट : चुलतभाऊ.

एवारिस्तो : मग दोघं एकाच ढिगात जळाले. लाकडं ओली होती. दोन दिवस धूर निघत होता.

प्रूइट : लाकडं ओली, तुला काय माहीत?

लादिस्लाओ : सगळ्या गावाला माहीत आहे! आमच्या बायकांनी बघितलं ते. आम्ही दोघं एकाच गावचे.

प्रूइट : तू गप्प. हॅटवाला, तू शपथ घे.

एवारिस्तो : माझ्या सोलेदादची शपथ. हा तुमच्यासाठी लढला. बंदुकीची नळी अजून गरम असेल त्याची, हात लावून बघ.

प्रूइट : ठीक. ऊठ. पुढच्या वेळी पुठ्ठा नसेल तर विचारणार नाही.

लादिस्लाओ : प्रूइट, कैद्यांचं काय करतायत आता?

प्रूइट : ओकच्या झाडाखाली बसवले. शेकडो. त्यांचा एक कर्नल सगळ्यांना घेऊन शरण आला. मारायचं नाही, हुकूम आहे.

लादिस्लाओ : हुकूम कधी आला?

प्रूइट : मघाशी. मला नीट ऐकू नाही आला. जातो.

एवारिस्तो : गेला. उठा, कोंपाद्रे. उठा की!

लादिस्लाओ : चिखलात रुतलोय हो मी.

एवारिस्तो : धरा माझा हात. मी जातो त्या झाडाखाली. शेकड्यांत बसलो की एकट्याला कोण निवडून मारतंय?

लादिस्लाओ : कशाला कैदेत जाता? माझा घोडा घ्या, हॅट घालूनच घर गाठा.

एवारिस्तो : नको. माझी माणसं तिथे बसलीत. सुटेन तेव्हा येईन.

लादिस्लाओ : मेलेसियोचं मी विसरणार नाही.

एवारिस्तो : विसरूच नका.

लादिस्लाओ : पण सुटलात की आधी माझ्याकडे या. लाकडी घोडा तयार असेल.

एवारिस्तो : येईन. देश मिळाला तुम्हाला, कोंपाद्रे. अभिनंदन.

लादिस्लाओ : थट्टा करताय.

एवारिस्तो : नाही हो. ही घ्या हॅट. हा पुठ्ठा मला एका दुपारपुरता लागला. तुम्हाला इथंच राहायचंय.