बोक्याचं वजन

कारकून : तसं नाही ताई, बोक्याला घेऊन तुम्हीच काट्यावर उभ्या राहा. काटा मोठ्या कुत्र्यांचा आहे, पाच किलोच्या खालचं त्याला कळत नाही.

बाई : मेलेल्याला कडेवर घेऊन?

कारकून : जिवंत असता तर राहिला असता का कडेवर? बासष्ट. आता त्याला टेबलावर ठेवून एकट्या उभ्या राहा. अठ्ठावन्न. म्हणजे चार किलो बोका. वजनावर भट्टीची वेळ ठरते.

बाई : पर्याय काय आहेत?

कारकून : एकत्र दहन. आत्ता एक ससा आणि दोन पोपट सोबतीला थांबलेत. नाहीतर स्वतंत्र दहन, राख घरी. किंवा मागच्या आवारात पुरायचं, वर झाड.

बाई : स्वतंत्रच. पोपट बघून त्याचा जीव वर-खाली व्हायचा.

कारकून : पत्ता सांगा... थांबा. या पत्त्यावर नोंद आहे की. सोमवारी तुमच्या यजमानांनी केलेली.

बाई : सोमवारी? सोमवारी हा पडदे फाडत होता, काका. गेला काल.

कारकून : करतात लोक आगाऊ. जनावर म्हातारं झालं की.

बाई : तीन वर्षांचा होता.

कारकून : मग यजमान फारच पुढचं बघतात. पण वजन चुकवलंय. अठ्ठावन्न किलो सांगितलंय.

बाई : किती?

कारकून : अठ्ठावन्न. जातीच्या रकान्यात काहीच नाही. पेटी सगळ्यात लांब मागितलीय. गंमत बघा, तुमचंही वजन तेवढंच. बसा, बसा. ती खुर्ची रडणाऱ्यांसाठीच आहे. मृत्यूचं कारण काय लिहू?

बाई : दूध.

कारकून : चौदा वर्षं इथं आहे मी. दुधानं बोका गेलेला नाही अजून.

बाई : महिनाभर हे रोज झोपताना मला दूध आणून देतात. लग्नाला अकरा वर्षं झाली, पाण्याचा पेला कधी दिला नव्हता. मला दूध सोसत नाही. त्यांचं मन कशाला मोडा, म्हणून पाठ वळली की मी बोक्याच्या वाटीत ओतायची.

कारकून : सगळं?

बाई : साय त्याला फार आवडायची.

कारकून : मग चौथा पर्याय आहे. कुणी सहसा घेत नाही. शीतपेटीत ठेवायचं. उद्या सकाळी डॉक्टर येतात, पोटात काय होतं ते लिहून देतात. फक्त राखेला उशीर होतो.

बाई : होऊ दे. आणि त्या सोमवारच्या नोंदीची प्रत द्या.

कारकून : प्रत फक्त घरच्यांना देतो आम्ही.

बाई : मी घरचीच आहे, काका. अजून.

(नवरा आत येतो. बाई प्रत पर्समध्ये सरकवते.)

नवरा : झालं का गं? कधीचा गाडीत बसलोय.

बाई : झालं. राख दोन दिवसांनी मिळेल म्हणतात.

कारकून : बरं झालं आलात. ती अठ्ठावन्न किलोची नोंद बोक्याचीच ना? रद्द करू?

नवरा : नाही, ती माझ्या मित्राच्या कुत्र्याची. पत्ता आमचा दिला, इतकंच. असू द्या.

बाई : कुठल्या मित्राच्या?

नवरा : तू ओळखत नाहीस. चल, चेहरा बघ किती उतरलाय. थर्मासमध्ये दूध आणलंय तुझ्यासाठी.

बाई : आण इकडेच. काकांसमोर, आधी तू घे.