देव्हाऱ्यातलं कार्ड

सांगते, पण हसू नका. क्रेडिट कार्डाचं व्याज रात्रीही झोपत नाही, त्यामुळे मलाही झोप लागत नव्हती. दर महिन्याला मी किमान रक्कम भरायची आणि बाकी मात्र माझ्या लेकीपेक्षा भराभर वाढायची. शेवटी सगळं फिटेपर्यंत नवी खरेदी बंद, अशी शपथ घेतली आणि कार्ड करमाडहून आलेल्या सासूबाईंच्या हवाली केलं. त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवून वर हळदकुंकू वाहिलं.

"आता देवाम्होरून कोण उचलतंय, बघूच!"

थकबाकी खरंच उतरायला लागली. घरात माझी इज्जत वाढली. आणि परवा दारात पार्सल आलं. सेलमधला तवा.

सासूबाईंनी आधी देव्हाऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कार्ड तर हितंच हाय. मग ह्यो कशावर आला गं?"

"जुनी ऑर्डर असेल, आई," मी म्हटलं.

बालवाडीतली आमची ओवी पुढं आली. पाहुण्यांसमोर कविता म्हणताना उभी राहते तशी हात जोडून उभी राहिली.

"आजी, कार्ड लागतच नाही. आईला नंबर पाठ आहे. मलापण येतो. म्हणून दाखवू?"