डाव्या हाताने पारखलेली डिस्क

अस्थितज्ज्ञांनी महांतेशला पुन्हा डिस्क गोल्फ, म्हणजे चकती फेकून दूरच्या टोपलीत टाकण्याचा खेळ, खेळण्याची परवानगी दिली होती. खांद्यावर जोर न देण्याच्या अटीवर. औषधांच्या रांगेत माझ्यापुढे त्याची धाकटी बहीण पवित्रा त्याला नवी डिस्क दाखवत होती.

“अण्णा, तुझी जुनी आता ठेवून दे. तिला लई जोर लागतोय.”

“आणि ही?”

“हळू फेकली तरी सरळ जाती. तिरकी सोडली तर वळती बी.”

“दुकानदार म्हणाला व्हय?”

“त्याचं कोण ऐकतंय? मैदानात जाऊन मीच फेकून बघितली, डाव्या हातानं.”

“डाव्या? तू तर उजव्या हातानं फेकतीस की.”

“तुझ्या खांद्यात सध्या तेवढाच जोर हाय.”

“पवे, घरात सगळी म्हणाली, खेळ सोड. लई उपकार झालं बघ तुझं.”

“उपकार कसलं? घरात बसून माझंच डोकं खातोस.”